भीमाशंकरच्या रानात सायकल घेऊन येणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईहून आमच्या डोंगरात माउंटन बाईक चालवायला येणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार,

आमच्या गावाच्या वरच्या रानात मागच्या हिवाळ्यात कुणीतरी एक नवी वाट कापली. कातळाच्या कडेवरून निघून सरळ खाली ओढ्यापर्यंत. करवंदीच्या जाळ्या छाटलेल्या, पाचोळा दोन्ही बाजूंना सारलेला, आणि मध्ये दोन ठिकाणी पडक्या बांधाचे दगड उचलून सायकलला उडी घेता यावी असा उंचवटा रचलेला. काम हौसेने केलेलं दिसत होतं. उन्हाळ्यापर्यंत तिथे चाकांचे माग दिसत. या पावसाळ्यात वर गेलो तेव्हा वाट नव्हती, ओघळ होता. कुठे कुठे गुडघाभर खोल. अंजनीची मुळं उघडी पडलेली आणि तिथली माती खालच्या दोन खाचरांत येऊन बसलेली. ज्यांची ती खाचरं, त्यांची आवणी नुकतीच झाली होती. रोपं गाळाखाली गेली.

ती वाट कुणी कापली याचा शोध मला घ्यायचा नाही. कापणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसेल की खाली कुणाचं भात आहे. रानात उभं राहिलं की खालची शेतं दिसतच नाहीत. पण दर दिवाळीनंतर सायकली वाढताहेत, आणि गावात त्यावरून दोन तट पडायला लागले आहेत. एक म्हणतो, यांना नाक्यावरच अडवा. दुसरा म्हणतो, येऊ द्या, चहा-जेवणाचे चार पैसे मिळतात. माझं म्हणणं दोघांहून वेगळं आहे आणि ते तुम्हाला उघडपणे सांगावं म्हणून हे पत्र. या डोंगरात सायकलींना जागा आहे. ती जुन्या पायवाटांवर आहे, ग्रामसभेला विचारून मिळणारी आहे, आणि त्या वाटा नीट ठेवायला तुम्ही हातभार लावलात तरच टिकणारी आहे. नवी वाट मात्र एकही नको.

मी इथलाच, महादेव कोळी. शिकायला आणि नंतर नोकरीला काही वर्षं पुण्यात होतो. आता भात, नाचणी, बाळहिरडा आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या यावर घर चालतं. तुमच्यातले काही जण आमच्या ओट्यावर जेवून गेले आहेत. त्यातल्याच एकाने नवी सायकल घेताना जुनी मला स्वस्तात दिली, त्यामुळे पठारावरून उतरताना पोटात जो गोळा येतो आणि तरी पुन्हा वर जावंसं वाटतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको. गावातली म्हातारी माणसं हसतात. गडी वर सायकल खांद्यावर घेऊन जातो आणि खाली ती त्याला घेऊन येते, याला काय म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खरंच आहे.

तुम्ही ज्यांना ट्रेल म्हणता त्या आमच्या रोजच्या वाटा आहेत. एक हिरड्याच्या झाडांकडे जाते, एक पलीकडच्या वाडीतल्या शाळेकडे, एक पाण्याकडे, एक देवाकडे. आहुपे घाटाने आमचे आजे-पणजे खाली कोकणात मुरबाडच्या बाजूला उतरायचे. सोयरिकीही त्याच वाटेने जुळल्या. थोडं उत्तरेला जुन्नरकडे गेलात तर नाणेघाट आहे, तिथे सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांचे तांडे चढले-उतरले. या वाटा कुठल्या खात्याने आखलेल्या नाहीत. पण एकदा नीट निरखून पाहा: जुनी वाट डोंगर क्वचितच सरळ उतरते. ती आडवी जाते, वळसा घेते, पुन्हा आडवी जाते. जिथे सरळ उतरण्यावाचून गत्यंतर नाही तिथे दगड बसवलेले असतात. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला तीच चाल परवडते, आणि पाण्यालाही तीच चाल अडवून धरते.

पाण्याचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. पुण्यात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरपर्यंत आणि कड्याच्या अंगाला त्याहूनही जास्त. एवढं पाणी उतरणीवर मोकळी रेघ शोधत असतं. तुम्ही डोंगराच्या सरळ उताराने वाट कापलीत की ती रेघ तुम्हीच त्याला आखून दिलीत. त्यात मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत उतरलात की मातीचा वरचा थर आधीच सुटा झालेला असतो. पहिल्या दोन वळिवांतच तो निघून जातो. चालणाऱ्याच्या पावलाने माती दबते, घसरत्या चाकाने ती खरवडली जाते आणि तिथे लांब चर पडतो. पाण्याला चरच हवा असतो.

माउंटन बाईकच्या जगात याचं शास्त्र तयार आहे, हे वाचल्यावर मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग हसू आलं. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकल संघटनेने वाटा बांधण्याचे जे नियम रूढ केले, ते थोडक्यात असे: डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. म्हणजे डोंगर ३० टक्के उताराचा असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. सगळ्या वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आत, दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ, एवढाच. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची, मीटरभर रुंदीला साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी आडवं ओलांडून खाली उतरतं. आणि उतरणीवर मधूनमधून वाट थोडी वर चढवायची, की जमलेलं पाणी तिथे वाट सोडून जातं. हसू यासाठी आलं की हे आमच्या ढोरवाटांवर आधीपासून आहे, फक्त टक्केवारी कुणी मोजलेली नव्हती.

मोजायचंच असेल तर तेही इथे येतं. पाणलोटाच्या कामांत आणि रोजगार हमीवर सलग समतल चर खणायला गावोगावच्या बाया-माणसांनी ए-फ्रेम वापरली आहे. तीन काठ्या, एक दोरी, टोकाला बांधलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. त्या साधनाने डोंगरभर समपातळीच्या रेघा आखलेल्या बायका आजही गावात आहेत. परदेशातून वाट आखणारा तज्ज्ञ आणण्याच्या गोष्टी तुमच्यातले काही जण करतात असं ऐकलं. आणा, त्याच्याकडूनही शिकू. पण त्याआधी या बायकांबरोबर एक दिवस डोंगर फिरा.

आता माळीणबद्दल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. आमच्या प्रत्येक वाडीत कुणाचं तरी कुणीतरी तिथलं होतं. कारणांवर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो: अतोनात पाऊस, मऊ झालेली माती, डोंगरउतारावर यंत्राने केलेलं सपाटीकरण. कुणाचं किती चुकलं हे मी ठरवू शकत नाही. पण त्यानंतर डोंगराला जेसीबी लागलेला दिसला की आमच्या माणसांच्या पोटात धस्स होतं. मागच्या वर्षी एक गट गावात येऊन म्हणाला, आम्ही छोटं मशीन आणून आठवडाभरात पाच किलोमीटरची वाट काढून देतो, गावाचा खर्च शून्य. बोलणारा मुलगा मनापासून बोलत होता. समोर बसलेले लोक एकदम गप्प का झाले, हे त्याला कळलं नाही. म्हणून लिहून ठेवतो: उतारावर यंत्र नको. कुदळ, फावडं, पहार आणि घमेलं यांनी जेवढं होईल तेवढंच. जे हाताने होणार नाही ते करायची गरजही नाही.

हाताने काम करायची रीत आमच्याकडे आहे, तिला पडकई म्हणतात. काही घरं एकत्र येतात आणि एकमेकांच्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून खाचरं काढतात. आज एकाच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या. पैसा फिरत नाही, श्रम फिरतात. डिंभे धरणात सुपीक जमिनी गेल्यावर उतारावरच्या अशा खाचरांवर कितीतरी घरं तगली. पुढे सरकारनेही ही पद्धत योजनेत घेतली. माझा प्रस्ताव सरळ आहे. पाऊस संपला की जुन्या वाटांची पडकई करू. जिथे पाणी वाटेवर आलं आहे तिथे ते बाहेर काढायचं, ढासळलेले दगड परत बसवायचे, झुडपं वाटेपुरतीच छाटायची. दोन दिवस तुम्ही आमच्या बरोबरीने दगड उचला. ज्याने एकदा दगड बसवला तो त्यावरून ब्रेक घासत उतरत नाही, हा माझा अंदाज आहे. खोटा ठरला तर सांगा.

वाटेवर कुणी कुणासाठी थांबायचं, यावर तुमच्या मंडळींत बरीच चर्चा चालते. इथे चर्चेला जागा नाही. सायकलवाल्याने थांबायचं, दर वेळी. डोक्यावर मोळी किंवा दोन हंडे घेतलेल्या बाईला अरुंद वाटेवर बाजूला सरकता येत नाही. एक बाजू डोंगर असते आणि दुसरी मोकळी. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे वळणावर माणसापेक्षा गुरं आधी बुजतात. बुजलेली म्हैस खालच्या बाजूला पळते, आणि तिथे गुराख्याचं पोर असू शकतं. हँडलला घंटी लावा. साधी, शाळेच्या सायकलीला असते तसली. तुमच्या हलक्या सायकलीला ती शोभणार नाही, हे मला माहीत आहे.

कातळावरून सायकल पळवायला तुम्हाला आवडतं, त्याचे व्हिडिओही पाहिले. होळीनंतर त्याच कातळावर आमचा बाळहिरडा वाळत पडलेला असतो. कोवळा, गळून पडलेला किंवा झोडून काढलेला हिरडा गोळा करून उन्हात वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा, हे पश्चिम आंबेगाव-जुन्नरमधल्या घरांचं वर्षातलं मोठं रोख उत्पन्न. औषधाला जातो, रंगाला जातो, कातडी कमवायला जातो. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने इथला हिरडा झोडपला, तेव्हा भरपाईसाठी लोकांना अनेक वर्षं मोर्चे काढावे लागले. त्यामुळे वाळत्या हिरड्यावरून चाक गेलं तर म्हातारी शिव्या देते, त्या मनावर घेऊ नका, पण अर्थ मनावर घ्या. मार्च ते मे कातळाकडे फिरकूच नका. त्यात वणव्याचे दिवस. वाळल्या गवतात पडलेली एक सिगरेट काय करते ते सांगायला नको.

मग चालवायचं कधी? भाताची झोडणी उरकली की होळीपर्यंत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे तीन महिने वाटा कोरड्या असतात, रान मोकळं असतं, आणि आम्हालाही बसून बोलायला उसंत असते. त्यातही महाशिवरात्रीला भीमाशंकरला लोटणारी गर्दी टाळलेली बरी. पावसाळ्यात मात्र अजिबात नाही. धुकं, हिरवं रान आणि चिखल उडवणारं चाक यांचा फोटो चांगला येतो, हे कबूल. पण ओल्या वाटेवरून दहा सायकली गेल्या की ती वाट त्या वर्षापुरती संपते, आणि शाळेतल्या पोरांना तिथूनच जायचं असतं.

रानात आमच्याखेरीजही कुणी राहतं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, आणि ते ओळखलं जातं शेकरूसाठी. राज्यप्राणी म्हणून त्याचं नाव शाळेत पाठ केलं असेल. शेकरू दिवसा वावरतो, झाडांच्या शेंड्यांवरून, फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तर खाली उतरतही नाही. वाट रुंद करायला तुम्ही वरची फांदी तोडलीत की त्याचा रस्ता तुटतो. भेकर, पिसोरी सांजसकाळी वाटेवर येतात. बिबट्याचं तर विचारूच नका. जुन्नर-आंबेगावचे लोक बिबट्याबरोबर कसे राहतात यावर बाहेरचे लोक येऊन अभ्यास करतात. म्हणून डोक्याला दिवा बांधून रात्री उतरण्याचा जो नवा छंद निघाला आहे, तो इथे चालणार नाही. बिबट्या तुमच्या मागे लागेल म्हणून नव्हे. संध्याकाळनंतरची वाट त्याची असते, एवढ्यासाठी. त्याला वाटेवरून हुसकलं की तो गोठ्याकडे वळतो.

आणि देवराई. तिच्यातून सायकल न्यायची नाही, उचलूनही नाही. तिथे वाळलेली काठीसुद्धा आम्ही उचलत नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला आम्ही वाघोबाला पुजतो, गुरांची राखण त्याच्याकडेच मागतो. ही ठिकाणं तुमच्या नकाशात हिरवा ठिपका असतील, आमच्याकडे तिथे जायच्या वेळा आणि रिती ठरलेल्या आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी एका देवराईतून गेलेला माग फोनवरच्या अॅपमध्ये सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. गेल्या हंगामात त्या रेघेवरून अनोळखी लोक येत राहिले. ज्याने ती रेघ टाकली त्यालाच ती काढता येते. कृपा करून काढा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्ही घरी बसून वाचू शकता. राखीव वनात परवानगीशिवाय जमीन तोडणं हा १९२७च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो वन विभागच देतो. ग्रामसभेने हो म्हटलं म्हणून तो टळत नाही. पण उलटंही तितकंच खरं आहे. आंबेगाव-जुन्नरचा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात येतो, त्यामुळे इथे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा लागू आहे, आणि वाडीची ग्रामसभा ही त्यात नुसती सही करणारी सभा नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले तिथे रान राखण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तुमच्यातले बरेच जण पहिल्यांदा रिसॉर्टवाल्याला विचारतात, मग ओळखीच्या अधिकाऱ्याला, आणि शेवटी, वाट काढून झाल्यावर, गावाला. हा क्रम उलटा करा.

पैशाबद्दल लाजायचं कारण नाही. शेजारचं उदाहरण कासचं आहे. साताऱ्याचं ते पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं आणि फुलांच्या हंगामात लोंढे आले. तिथे आसपासच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती प्रवेश शुल्क घेते, गावातलीच माणसं राखणीला नेमते, दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा घालते. सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणणार नाही, पण पैसा आणि जबाबदारी एकाच जागी राहिली. आमच्याकडे एका शनिवार-रविवारी तीस जण आले आणि माणशी २०० रुपये धरले, तर ६,००० रुपये होतात. तेवढ्यात दहा-बारा माणसांची दिवसाची मजुरी निघते. एक वाट पावसानंतर उभी करायला असे थोडेच दिवस लागतात. रक्कम ग्रामसभा ठरवेल. हिशोब मात्र फळ्यावर लिहिला जाईल, आणि तो तुम्हीही विचारू शकता.

तुम्ही मला ऑस्ट्रेलियातल्या डर्बीचं उदाहरण देता. टास्मानियातलं हे गाव, कथलाच्या खाणींवर वाढलेलं आणि खाणी बंद पडल्यावर ओस पडत चाललेलं. २०१५ पासून तिथे जंगलातल्या सायकलवाटा खुल्या झाल्या आणि काहीशे माणसंही नसलेल्या गावात जगभरचे सायकलवाले यायला लागले. गोष्ट मोठी आहे, मीही हौसेने वाचली. पण तिचं दुसरं पानही वाचा. घरांच्या किमती चढल्या, बरीच घरं पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी बाहेरच्यांनी घेतली. आमच्याकडे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, तरीही दलाल फिरतात आणि भाडेपट्ट्याचे कागद तयार होतात. डिंभ्याच्या पाण्याकाठी जमिनीला काय भाव फुटलाय ते एकदा विचारून बघा. सायकलवाटांच्या निमित्ताने हेच व्हायचं असेल तर नाक्यावरच अडवा म्हणणारा गावातला पहिला तट बरोबर ठरेल.

मला त्यापेक्षा न्यूझीलंडमधलं रोटोरुआ जवळचं वाटतं. तिथलं फाकारेवारेवाचं जंगल सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे, आणि २००९ पासून त्या जमिनीची मालकी माओरी जमातींकडे परत गेली आहे. सायकली थांबल्या नाहीत, पण आता जमिनीच्या मालकाशी करार करून चालतात. एक फरक मात्र विसरू नका. ते रान बहुतांशी लाकडासाठी लावलेलं आहे. १९०१ साली लावलेले रेडवूड तिथे आज पाहायला मिळतात. तिथे तोडणी असली की वाट बंद होते, पुन्हा लावण झाली की नवी निघते. आमचं रान कुणी लावलेलं नाही आणि पुन्हा कुणाला लावता येणारही नाही.

वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिन या जंगलाची बातमी तुमच्यातल्याच एकाने मला दाखवली होती. ब्रिटनमध्ये मुद्दाम सायकलसाठी जंगलात वाटा बांधल्या गेल्या त्या पहिल्यांदा तिथेच, १९९०च्या दशकात, सरकारी वनखात्याच्या जागेत. २०२५च्या मार्चअखेर खर्च परवडत नाही म्हणून सरकारी यंत्रणेने तिथलं अभ्यागत केंद्र बंद केलं. वाटा चालू राहिल्या, पण चहाची टपरीसुद्धा नाही म्हटल्यावर आजूबाजूच्या धंद्यांचं काय झालं असेल? म्हणून सरकारने सगळं बांधून द्यावं या आशेवर मी नाही. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळात पोनमुडीला, ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाईक अजिंक्यपद स्पर्धा झाली, भारतात पहिल्यांदाच. अभिमान वाटला. पण स्पर्धेची वाट चार दिवसांसाठी असते, आमची वाट रोजची आहे. आम्हाला स्पर्धा नको, निदान आत्ता तरी नको.

एक गोष्ट तुमच्या भल्याची. इथे बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. हाड मोडलं तर घोंगडीची झोळी करून गावातली पोरंच तुम्हाला रस्त्यापर्यंत आणतात, पुढे घोडेगाव किंवा मंचरच्या दवाखान्यात. अजून कुणी त्याचे पैसे मागितले नाहीत आणि मागणारही नाहीत. तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे गावात कुणाला माहीत असेल तर शोधायला वेळ लागत नाही, इतकंच. गावातला एखादा पोरगा बरोबर घ्या. तो तुमच्या पुढे पळेल, सायकलशिवाय, आणि बहुधा तुमच्या आधी खाली पोचेल.

मोटारसायकली घेऊन हाच उद्योग करणारेही हल्ली येतात. त्यांना वेगळं पत्र लिहीन, त्याची भाषा एवढी सौम्य नसेल.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. पाऊस तेव्हा ओसरत आलेला असतो आणि कापणी लागायची असते, त्यामुळे माणसं घरी सापडतात. तुमच्या गटांतून चार-पाच जण या. सगळ्यांनी यायची गरज नाही, पण ज्यांचा शब्द बाकीचे मानतात असे या. मुंबईची मंडळी आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करू शकतात. वन विभागाच्या वनरक्षकालाही मी सांगून ठेवतो, म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत काय बसतं आणि काय नाही ते तिथल्या तिथे कळेल. सकाळी लवकर निघालात तर सभेआधी वरचा तो ओघळ दाखवून आणतो. पाणी वळवायला कुठे दगड लावावे लागतील यावर तुमच्यातल्या जाणकाराचं मत मला हवं आहे. येताना परिसराचा छापील नकाशा आणा आणि ज्या वाटांवर सायकल चालवायची इच्छा आहे त्या त्यावर काढून आणा. पेन्सिलीने काढा, पेनाने नको. त्यातल्या निम्म्या तरी सभेत खोडल्या जातील.

आपला,
पश्चिम आंबेगावातला एक शेतकरी